कॅन्सस १८५५: अवैध मतांचा हिशेब ११ ने का चुकतो? मदत हवी आहे

अमेरिकेतल्या कॅन्सस प्रदेशात गुलामगिरी असावी की नाही, हे ठरवणारं विधिमंडळ ३० मार्च १८५५ ला निवडलं गेलं. शिरगणतीत मतदार २,९०५, पेटीत मतं ६,३०७! शेजारच्या मिसुरी राज्यातून आलेल्या टोळ्यांनी केलेला हा उघड दरोडाच.

पक्षनिहाय बेरीज जुळते: गुलामगिरीवादी ५,४२७, विरोधक ७९१, इतर ८९. पण अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) १८५६ च्या चौकशी समितीची वैध १,४१० आणि अवैध ४,९०८ मिळून ६,३१८ होतात. १८ मतदारविभागांपैकी लॉरेन्स या गावाच्या विभागाचे आकडे तपासले. २३२ वैध, ८०२ अवैध, एकूण १,०३४, तिथे चूक नाही. २२ मे च्या फेरमतदानाचे आकडे यात मिसळलेले नाहीत.

मग उरलेल्या १७ मतदारविभागांपैकी नेमक्या कुठल्या विभागात ही ११ मतं जास्त धरली गेली?