मदत हवी आहे: सबवूफरचा ६२ हर्ट्झचा खड्डा काही भरेना

मंडळी, खारघरच्या फ्लॅटमध्ये १२ इंची ड्रायव्हरचे दोन सीलबंद सबवूफर (खोल बासचे स्पीकर) घरीच प्लायवूडमध्ये बनवलेत. डीएसपी (आवाज जुळवणारा डिजिटल प्रोसेसर) जोडून माइकने मोजलं, तर ४० हर्ट्झला भलामोठा डोंगर, म्हणजे तिथे आवाज अतीच. हॉलची लांबी १४ फूट, म्हणजे रूम मोडच तो (भिंतींमध्ये आपटून घुमणारा सूर). तिथे ८ डीबी कापले आणि शोकेसमधल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. खरा घोळ ६२ हर्ट्झच्या खड्ड्यात आहे, तिथे आवाज दबतोच. ६ डीबी वाढवून पाहिले, तर स्पीकरचे कोन (पडदे) नुसते फडफडले, सोफ्यावर आवाज तस्साच. (खालच्या काकू मात्र लगेच वर आल्या!) आता एक सब सोफ्यामागे नेऊन डिले लावू (त्याचा आवाज किंचित उशिरा सोडू), की जागेवरच फेज (ध्वनिलहरीची चढ-उताराची स्थिती) फिरवून बघू? आणि दोघांना वेगवेगळा ईक्यू (कुठली फ्रिक्वेन्सी किती कमी-जास्त) द्यायचा की एकत्र मोजून एकच? कोणी केलं असेल तर सांगा.