क्लूझोचे सिनेमे दाखवायचेच नाहीत?

रिळवाला: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, फ्रेंच दिग्दर्शक ऑन्री-जॉर्ज क्लूझो नाझींच्या पैशावर पोसला, फिल्म क्लबने त्याचा 'ल कॉर्बो' (१९४३) दाखवू नये. तो काढणारी कॉन्टिनेन्टल ही जर्मनांची सिनेमा कंपनी होती, कबूल. पण सिनेमा काय सांगतो? गावभर निनावी पत्रं फिरतात, जो तो शेजाऱ्यावर संशय घेतो. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, आणि गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, अशीच पत्रं जात होती! तो दिव्याचा प्रसंग आठवा. म्हातारा डॉक्टर टांगलेल्या दिव्याला झोका देतो, तोंडावरून उजेड-काळोख सरकतो आणि तो विचारतो, चांगलं कुठं, वाईट कुठं? सिनेमाचा नायक, डॉक्टर झेरमँ, दिवा थांबवायला जातो नि हात पोळून घेतो. असला सिनेमा नाझींना काय कामाचा?

सदूभाऊ: पोस्ट माझीच. क्लूझो तिथे साधा पगारी लेखक नव्हता, पटकथा विभागाचा प्रमुख होता. दिग्दर्शक झाँ रेन्वार देश सोडून गेलाच ना?

रिळवाला: रेन्वारचं तेव्हा जगभर नाव होतं. क्लूझो क्षयाने सॅनेटोरियममध्ये वर्षं काढून आलेला, नावावर मोठा सिनेमा नाही. कुठे जाणार होता? आणि शिक्षा झालीच की. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यावर त्याच्यावर सिनेमे काढायला बंदी आली, थेट १९४७मध्ये परतला. अजून किती?

मेघना_के: नाझींचं राहू द्या. तो नटांना मारायचा, त्याबद्दल कुणीच का बोलत नाही? थोबाडीत मारल्याचं त्याची नटी सूझी देलेरने स्वतः सांगितलंय.

रिळवाला: आपली तक्रार नाही, हेही तिनेच सांगितलंय. त्याच्याच 'वेजेस ऑफ फिअर'मध्ये माँताँ आणि व्हानेल हे नट तेलाच्या डबक्यात लोळले, म्हणून तो सीन अंगावर येतो.

मेघना_के: तिची नसेल, माझी आहे. कॉलेजात एकांकिकेच्या तालमीत रडू येईना म्हणून दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. रडले. बक्षीसही मिळालं. पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. 'काय सीन झाला!' म्हणणारे तुमच्यासारखेच होते.

तालीमवेडा: ताई, वाईट झालं. पण आमचे सर ओरडले नसते तर मी आजही पाठ करून संवाद म्हणत बसलो असतो.

मेघना_के: ओरडणं आणि हात उगारणं एकच का? लाज वाटू द्या.

सदूभाऊ: अहो, मूळ मुद्दा कॉन्टिनेन्टलचा होता!

रिळवाला: मेघनाताई, मारणं चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही. पण 'ल कॉर्बो' लावायचाच.

मेघना_के: लावा. मग चर्चेत थपडेचा विषय मी काढणार, तेव्हा माईक काढून घेऊ नका.