कन्सल्टिंगच्या मुलाखतीत आधी इंग्रजी, मग डोकं: हा क्रम बरोबर आहे का?

मांजराकाठ:
कॅम्पस ड्राइव्हचा हंगाम सुरू झालाय म्हणून विषय काढतो. आयटी कन्सल्टिंगमध्ये फ्रेशर घ्यायची वाट बहुतेक ठिकाणी सारखीच. दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडं साठ टक्के. मग ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड, त्याला चिकटून कम्युनिकेशन टेस्ट, कुठं जीडी (ग्रुप डिस्कशन, म्हणजे गटचर्चा), आणि टेक्निकल-एचआर सगळ्यात शेवटी. ती कम्युनिकेशन टेस्ट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हेडफोनमध्ये एक इंग्रजी वाक्य ऐकू येतं, ते तसंच्या तसं परत म्हणायचं. गुण मशीन देणार. लॅबमध्ये शेजारची सगळी पोरं एकाच वेळी मोठ्यानं बोलायलेत आणि माइक सगळ्यांचंच ऐकायलाय!

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं लेकरू एसक्यूएलची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) कागदावर न अडखळता लिहितं. पण ते कागदापर्यंत पोहोचतच नाही. उच्चार आधी तपासायचे आणि विचार शेवटी, असं का? कन्सल्टंटनं आधी ग्राहकाचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं असतं म्हणतात. मग जीडीत शांतपणे ऐकणारा पहिला बाहेर कसा पडतो?

हिंजवडीत_परभणीकर:
पॅनलवर बसतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ड्राइव्हला शेकड्यानं पोरं येतात आणि आम्ही असतो चार-सहा जण. एका मुलाखतीला अर्धा-पाऊण तास लागतो. मशीननं आधी गाळलं नाही तर तीन दिवसांतही उरकणार नाही.

दुसरं म्हणजे हे कामच बोलण्याचं आहे. लंडनचा ग्राहक रात्री कॉलवर सांगतो की बिलं दोनदा निघायलीत. त्याला नेमकं विचारावं लागतं की सगळ्यांची की काहींचीच, कधीपासून, मध्ये काही बदललं होतं का. हे ज्याला विचारता येत नाही त्याच्या कोडचा मला उपयोग नाही. नुसतं कोड लिहायला आवडत असेल तर डेव्हलपरच्या जागा आहेतच की.

आणि विचारांबद्दल म्हणाल तर ऐका. रेझ्युमेवर हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम. विचारलं, लॉगिनचा पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय? उत्तर: "सर, व्हारचारमध्ये." म्हणजे जसा टाइप केला तसाच, उघडा. बरं, हॅशिंग, म्हणजे पासवर्ड वाचता येणार नाही असा बदलून ठेवणं, माहीत नसेल तर मी शिकवीन. पण टेबलं किती आहेत, पेशंटचं टेबल अपॉइंटमेंटच्या टेबलाला कशानं जोडलंय, तेही सांगता येईना. मग कळतं की प्रोजेक्ट विकत आणलाय. यात इंग्रजीचा काय दोष? मी मराठीतच विचारलं होतं.

दुधना:
साहेब, प्रोजेक्ट विकत घेणारं पोरगं तुमच्या मशीनमधून पास होऊनच आलं होतं ना? मग मशीननं गाळलं कुणाला?

आडतवाल्याची_लेक:
दुधना, बरोबर बोललात.

मी पुण्यात बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, गाव लातूर. केस राउंडची, म्हणजे मुलाखतीत एखादा प्रश्न देऊन तो कसा सोडवता ते बघतात त्याची, तयारी करणाऱ्या ज्युनियरांना मी बाहेरची उदाहरणं देत नाही. "न्यूयॉर्कमध्ये पियानो दुरुस्त करणारे किती" असलं पाठ करून काय होणार? मी जलदूत देते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी धावली, एका खेपेला २५ लाख लिटर. प्रश्न एवढाच: एका खेपेत शहराची किती गरज भागली?

२०११ च्या जनगणनेत शहर पावणेचार लाखाच्या वर होतं. हिशोबाला सोपं म्हणून ५ लाख धरायचं, आणि तसं धरलंय हे तोंडानं सांगायचं. माणशी आले ५ लिटर. शहरी पुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे शंभरातले चार हिस्सेसुद्धा नाहीत. इथं पोरं थांबत नाहीत, भांडायला लागतात. "ताई, १३५ कुणाला मिळायलंय? दुष्काळात २० धरा." धरले. तर चौथा हिस्सा. मग एक जण विचारतो, स्टेशनवरून पाणी गल्लीत कसं गेलं, टँकरच्या फेऱ्या किती, गळती किती? केस राउंडमध्ये यापेक्षा वेगळं काय बघतात? धरलेली गोष्ट उघड सांगणं, समोरच्यानं आकडा बदलला तर गडबडून न जाणं, आणि आकड्याच्या पुढचा प्रश्न काढणं.

हे सगळं ती मराठीत करतात. तेच इंग्रजीत सांग म्हटलं की वाक्यं तुटतात, हिशोब मोडत नाही. म्हणून क्रमाबद्दल मी मांजराकाठच्या बाजूनं. पण इंग्रजी लागतंच, हेही खरं. ज्युनियरांना उगाच धीर देऊन फसवू नका.

हिंजवडीत_परभणीकर:
केस छान आहे, मीही वापरीन. पण हे तपासणार कोण? अशा केसला समोर माणूस लागतो. जीडी तर ड्राइव्ह ऑनलाइन झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी बंदच आहे, तिच्यावरचा राग आता सोडा.

प्लेसमेंटवाला_नांदेड:
आमच्यावर, कॉलेजवाल्यांवर, कुणी बोललं नाही म्हणून मीच बोलतो. चार वर्षं दर सेमिस्टरला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते. बाहेरून आलेला परीक्षक दोन प्रश्न विचारतो, पोरगं खाली मान घालून एका शब्दात उत्तर देतं, आम्ही वीसपैकी अठरा गुण देतो. बोलायची सवय तिथंच लागायला हवी होती. शेवटच्या वर्षी पंधरा दिवसांचा सॉफ्ट स्किलचा वर्ग लावून काय होणार? पूल कॅम्पस (अनेक कॉलेजांचा मिळून एकच ड्राइव्ह) असला की पोरं रात्रभर प्रवास करून संभाजीनगरला उतरतात, स्टँडवर तोंड धुऊन सकाळी नऊला टेस्टला बसतात. त्यांचा आवाज मशीनला कसा आवडावा?

आणि ऑफर मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. २०२२ च्या बॅचमधल्या काहींना ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. वडील गावात पेढे वाटून बसलेले. वर बाँडची (मध्येच नोकरी सोडायची नाही या कराराची) कलमं कुणी वाचत नाही, तेही वाचा.

मांजराकाठ:
सर, व्हायवाचं पटलं. परभणीकर, माणसं कमी आहेत तर केसचं उत्तर आधी लिहून घ्या की. एक पानाचा प्रश्न, वीस मिनिटं, मराठी-हिंदी-इंग्रजी कशातही. त्यातून निवडलेल्यांचंच इंग्रजी तपासा. आणि गाळलं त्याला कुठल्या टेस्टमध्ये किती पडले ते कळवा. आता नुसता "वुई रिग्रेट" येतो. पोरगं पुढच्या वेळी कशाची तयारी करणार?

हिंजवडीत_परभणीकर:
गुण कळवायला आमचं लीगल हो म्हणत नाही, दोनदा विचारून झालंय. लेखी केसचं एचआरला सुचवतो. पण मराठीतली उत्तरं तपासायला पॅनलवर आमच्याकडचीच माणसं लागतील, आणि ती शनिवारी गावाकडं पळालेली असतात, मी धरून.

दुधना:
मग ड्राइव्ह परभणीत ठेवा.