ॲबाचा ‘व्हॉयेज’: चाळीस वर्षांनी आलेला अल्बम आपल्याला कसा वाटला?

प्रश्न

ॲबा या स्वीडिश चमूचा ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम नोव्हेंबर १९८१ मध्ये आला आणि त्यानंतरचा ‘व्हॉयेज’ थेट ५ नोव्हेंबर २०२१ रोजी. मधली इतकी वर्षे जुनीच गाणी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला नवी दहा गाणी मिळाली याचा आनंद फार मोठा होता; पण अल्बम पूर्ण ऐकल्यावर मन द्विधा झाले आणि ते अजूनही तसेच आहे. ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ आणि ‘डोन्ट शट मी डाउन’ ही दोन गाणी मला त्यांच्या उत्तम गाण्यांच्या पंक्तीत बसणारी वाटतात. मुलांचा समूहस्वर असलेले नाताळचे ‘लिटल थिंग्ज’ मात्र फारच गोडगोड वाटले, आणि ‘बम्बलबी’चा विषय बदलत्या हवामानाचा असूनही त्याची चाल इतकी निरागस आहे की शब्दांतली काळजी मनाला भिडत नाही. आपल्याला हा अल्बम पटला का? जुन्या प्रेमापोटी आपण त्याला झुकते माप देत आहोत, की जुन्या गाण्यांशी सतत तुलना करून त्याच्यावर अन्याय करत आहोत?

प्रतिसाद १

मला तो पटला नाही, आणि त्याचे कारण ‘द व्हिजिटर्स’ हेच आहे. त्या अल्बमपर्यंत चमूतल्या आग्नेता-ब्योर्न आणि फ्रिडा-बेनी या दोन्ही जोडप्यांचे संसार मोडले होते आणि संगीतही बदलले होते. त्याचे शीर्षकगीत सोव्हिएत राजवटीत दारावर थाप पडण्याच्या धास्तीने जगणाऱ्या विरोधकांविषयी आहे. सिंथेसायझरचे थंड स्वर आणि त्यातून हळूहळू वर येणारा आवाज ऐकताना आजही अस्वस्थ व्हायला होते. हा चमू तिथून पुढे कुठे गेला असता, हा प्रश्न मी इतकी वर्षे मनाशी बाळगला होता. ‘व्हॉयेज’ त्याचे उत्तर देत नाही. तो त्याही मागच्या, सत्तरच्या दशकातल्या प्रसन्न वळणावर परत जातो. ‘व्हेन यू डान्स्ड विथ मी’मधला आयरिश लोकसंगीताचा बाज सुरेल आहे, पण असे गाणे त्यांनी १९७६ मध्येही सहज केले असते. चाली बांधण्याचे बेनींचे कसब जराही उणावलेले नाही, म्हणूनच ही निराशा अधिक वाटते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. या अल्बममधली नवी गोष्ट चालींत किंवा वाद्यमेळात शोधू नये. ती आवाजांत आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांतला तो भरगच्च, चकाकणारा स्वर कसा साधला जात असे, हे आठवून पाहावे. ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटॉव एकाच आवाजाचे अनेक थर मुद्रित करत आणि थर चढवताना टेपचा वेग किंचित बदलत, त्यामुळे प्रत्येक थराची पट्टी केसभर वेगळी होऊन आवाज दाट होई. त्यात आग्नेता आणि फ्रिडा या दोघी गायिकांना त्यांच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला गायला लावले जाई, आणि त्या ताणातूनच ती ओळखीची झळाळी येई. ‘व्हॉयेज’च्या वेळी दोघीही सत्तरीच्या आगेमागे होत्या. त्यांचे आवाज खाली उतरले आहेत, त्यांना किंचित जाडपणा आला आहे, आणि स्टॉकहोममधल्या बेनींच्या स्टुडिओत झालेल्या या ध्वनिमुद्रणाने तो बदल झाकलेला नाही. ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’च्या आरंभी फ्रिडा ज्या खालच्या, सावध स्वरात गाते, तो स्वर तिशीतल्या गायिकेकडून आला असता तर त्या शब्दांना अर्थच उरला नसता, शीर्षकातल्या ‘स्टिल’ म्हणजे ‘अजूनही’ या शब्दाचे वजन वयामुळेच येते.

याच अल्बममध्ये पडताळ्याची सोयही आहे. ‘जस्ट अ नोशन’मधले गायन १९७८ मधले आहे; ते गाणे तेव्हा बाजूला ठेवले गेले आणि आता त्या जुन्या आवाजांभोवती नवे वादन रचले गेले. ते ऐकून लगेच ‘आय कॅन बी दॅट वुमन’ ऐकावे. पहिल्यातला आवाज निःसंशय अधिक चपळ आहे, तरीही मला संपूर्ण अल्बममध्ये खटकते ते हेच एक गाणे, कारण उरलेली नऊ गाणी म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांची आहेत आणि हे एकटेच कुणा तरुणांचे आहे.

प्रतिसाद ३

एक संदर्भ लक्षात घ्यायला हवा. दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित झाल्याचे चमूने एप्रिल २०१८ मध्येच जाहीर केले होते आणि ती त्यांच्या डिजिटल प्रतिरूपांच्या प्रकल्पाशी निगडित होती. त्याच प्रकल्पातून पुढे मे २०२२ मध्ये लंडनमधला कार्यक्रम सुरू झाला; त्यात चमूऐवजी त्यांची ही संगणकाने घडवलेली प्रतिरूपे पडद्यावर गाताना दिसतात. अल्बमची बाकीची गाणी नंतर जमत गेली. त्यामुळे दोन गाणी ठसठशीत आणि उरलेली कमी-अधिक, ही प्रश्नकर्त्यांची भावना मला स्वाभाविक वाटते. एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते: त्या कार्यक्रमात प्रतिरूपे तरुण दिसतात, आणि आत्ताच ज्या वयस्क आवाजांचे सुंदर वर्णन वाचले, त्यांना पडद्यावर वयस्क चेहरा मिळत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेली दोन गाणी पाठोपाठ ऐकली आणि आवाजांविषयीचे म्हणणे पटले. ‘लिटल थिंग्ज’बद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. संगीत मागे गेले या पहिल्या प्रतिसादातल्या तक्रारीवर विचार करताना ‘कीप ॲन आय ऑन डॅन’ पुन्हा ऐकले. घटस्फोटित आई आपल्या मुलाला सुट्टीच्या दोन दिवसांसाठी वडिलांकडे सोपवते आहे, असा त्याचा प्रसंग आहे. ठेका तुटक आणि अस्वस्थ आहे, आणि तो ‘द व्हिजिटर्स’च्या जवळचा आहे असे मला वाटते. गाण्याच्या अगदी शेवटी पियानोवर १९७५ च्या ‘एसओएस’मधले स्वर येतात. पहिल्या ऐकण्यात ते माझ्या लक्षातच आले नव्हते. प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांनी हे एक गाणे त्या दृष्टीने पुन्हा ऐकावे आणि तरीही त्यांना ते मागे जाणेच वाटते का, हे अवश्य लिहावे.