दिवसभर तव्यासमोर उभी असते आणि चेहऱ्यावर रोझेशिया आहे, लावू तरी काय?

पोळीभाजीवाली, डोंबिवली

नमस्कार. वय ४४. डोंबिवलीत आमचं पोळीभाजी केंद्र आहे, यंदा अकरावं वर्ष. सकाळी साडेपाचला तवा चढतो तो दुपारी दोनला उतरतो, साडेचारला पुन्हा चढतो. मी आणि दोघी ताई मिळून रोज सहाशेच्या वर पोळ्या करतो. लाटायला त्या, भाजायला मी. भाजणारा हात बदलला की गिऱ्हाइकाला पहिल्या घासाला कळतं.

तीन वर्षांपूर्वी गाल आणि नाक लाल व्हायला लागलं. धग लागत असेल म्हणून सोडून दिलं, संध्याकाळपर्यंत उतरायचं. पुढे उतरेनासं झालं. बारीक पुळ्या आल्या, नाकाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा दिसायला लागल्या. एका दुकानातून ट्यूब मिळाली, "सगळ्या बायका हीच नेतात" म्हणाले. चार दिवसांत चेहरा लख्ख! आठ महिने लावली. एक दिवस राहिली की दुप्पट आग. गणपती झाल्यावर एकदाची त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि सांगितलं, रोझेशिया आहे, ट्यूबमुळे चिघळलाय. ट्यूब कशी कमी करत न्यायची ते लिहून दिलं, मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं आणि म्हणाले, फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन सगळं सौम्य वापरा.

सौम्य म्हणजे कुठलं, ते विचारायचं राहून गेलं. बाहेर वीसपंचवीस माणसं बसली होती.

दुकानात तर प्रत्येक बाटलीवर सौम्यच लिहिलेलं असतं. कडुनिंबाचा फेसवॉश, गुलाबपाणी, व्हिटॅमिन सीचं सीरम, कोरफडीचं हिरवं जेल आणि जेलसारखंच सनस्क्रीन घेऊन आले. २,३४० रुपये. अडीचशे पोळ्यांचे पैसे आहेत ते. पाचही गोष्टी झोंबतात, गुलाबपाणीसुद्धा. सीरम लावलं त्या रात्री ओला पंचा तोंडावर घेऊन पंख्याखाली बसून होते.

सासूबाई म्हणतात डाळीचं पीठ आणि हळद लाव, मुलगी रोज एक नवीन व्हिडिओ दाखवते. दिवाळी महिन्यावर आलीय, घरात उटणं येणार. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कृपया सांगा, तुम्ही निवडता कसं? आणि तव्यासमोर सनस्क्रीनचा उपयोग होतो का?

बारीक_अक्षर, पुणे

ताई, मला २०१२ पासून आहे. तुमचा ओला पंचा वाचून गलबललं. मीही अशा रात्री काढल्यात.

मी प्रूफं वाचते, २६ वर्षं झाली. बाटलीची पुढची बाजू मी आता बघतच नाही. ते मुखपृष्ठ. मजकूर मागे असतो, मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानात मोबाइलने त्याचा फोटो काढा, मोठा करा आणि तिथेच उभं राहून वाचा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

घटक उतरत्या क्रमाने छापतात, जे जास्त ते आधी. म्हणून पहिली पाचसहा नावं सगळ्यात महत्त्वाची. तिथे नुसतं "अल्कोहोल" किंवा "अल्कोहोल डिनॅट" असलं की बाटली परत फळीवर. पातळ, जेलसारख्या सनस्क्रीनमध्ये ते पुष्कळदा असतं, तुमच्याही बाटलीवर बघा. पण "सिटाइल अल्कोहोल", "सिटेअरिल अल्कोहोल" ही मेणासारखी चरबट द्रव्यं असतात, क्रीमला दाटपणा देतात, बहुतेकांना सोसतात. नावात अल्कोहोल दिसलं म्हणून मी दोन वर्षं चांगली चांगली क्रीमं नाकारली. तुम्ही ती चूक करू नका.

दुसरं, वास. फ्रॅग्रन्स, पर्फ्यूम, लिनालूल, लिमोनिन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, सगळी वासाचीच घराणी. यातली शेवटची दोन गुलाबात निसर्गतःच असतात, म्हणून गुलाबपाणी झोंबलं यात तुमची त्वचा खोटं बोलत नाहीये. "अनसेंटेड" लिहिलेल्यालाही फसू नका, मूळ वास झाकायला त्यात दुसरा वास घातलेला असू शकतो. "फ्रॅग्रन्स फ्री" शोधा आणि तरीही मागची यादी वाचा.

तिसरं म्हणजे गार वाटणारं सगळं: मेन्थॉल, पुदिना, कापूर, निलगिरी. दिवसभर धगीत असलेल्या बाईला हाच मोह आधी होतो. लावल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग गाल पेटतात.

ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी आणि कुठलाही खरबरीत स्क्रब सध्या नकोच. नायसिनामाइड अनेकांना मानवतं, पण थोडं. मला दहा टक्क्यांच्या सीरमने तीन दिवस जाळलं, आणि त्याच घटकाचा अंश असलेलं साधं क्रीम मी आज आनंदाने लावते. प्रमाणाने एवढा फरक पडतो.

मग घ्यायचं काय? ग्लिसरीन, सिरामाइड, पॅन्थेनॉल, स्क्वालेन, पेट्रोलेटम यांपैकी काही असलेलं, यादी आखूड असलेलं कंटाळवाणं क्रीम. आणि फेस न येणारा किंवा जेमतेम येणारा क्लेन्झर, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेला. तो रात्री एकदाच. सकाळी नुसतं पाणी, दुपारी तवा उतरल्यावर पीठ आणि घाम जायलाही नुसतं पाणीच. गरम नको, फ्रिजमधलंही नको, नळाचं. पुसताना जुनी सुती ओढणी टेकवायची, घासायची नाही.

आता ते पाचही मुलीला देऊन टाका आणि दोन आठवडे क्लेन्झर, क्रीम आणि डॉक्टरांचं जेल एवढंच ठेवा. जेल लागलीच लावू नका. चेहरा धुतल्यावर दहापंधरा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं. तरी झोंबलंच तर आधी क्रीम आणि मग जेल असं चालेल का, ते डॉक्टरांना फोनवर विचारा. मला माझ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं.

नवीन वस्तू आणली की आधी कानाखाली, जबड्याच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी, सलग पाच रात्री. मग एकाच गालाला. मग सगळ्या चेहऱ्याला. आणि एक वस्तू रुळल्याशिवाय दुसरी घरात आणायची नाही, नाहीतर झोंबलं कुणामुळे हे ओळखता येत नाही. माझ्याकडे हे सगळं कालनिर्णयच्या चौकटीत लिहिलेलं असतं: दुधाच्या शेजारी "क्रीम, तिसरी रात्र, ठीक".

सनस्क्रीनबद्दल तुम्ही फार योग्य विचारलंत. ते सूर्याच्या अतिनील किरणांसाठी आहे, तव्याची धग त्याने अडत नाही. तेव्हा पहाटे साडेपाचला तव्यासमोर उभं राहायला सनस्क्रीनचा थर नको, उलट घामाबरोबर तो डोळ्यात उतरेल. उजाडल्यावर भाजी आणायला निघताना किंवा खिडकीतून ऊन येत असेल तेव्हा मात्र चुकवू नका, कारण रोझेशिया भडकवणाऱ्या गोष्टींत ऊन सगळ्यात वरचं. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं. हे खनिज प्रकारचं, आपल्यासारख्या त्वचेला सहसा कमी टोचतं. पांढरं दिसतं ही खोड आहेच. रंगाची छटा घातलेलं मिळतं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. जबड्याला थोडं लावून बाहेर फुटपाथवर जा आणि उजेडात बघा.

धगीसाठी वेगळे उपाय लागतात. टेबल फॅन बाजूने, वारा तोंडावर येईल पण ज्योत हलणार नाही असा. मानेवर ओला सुती रुमाल. दर वीसपंचवीस पोळ्यांनंतर दोन पावलं मागे येऊन गार पाण्याचे घोट. तवा दिवसातून तासभर तरी एखाद्या ताईला द्या. भाजणं त्यांना शिकवा, गिऱ्हाईक समजून घेईल.

उटणं हातापायांना लावा, मनसोक्त. चेहरा सोडा. संत्र्याची साल, कचोरा, वाळा, नागरमोथा हे सगळं दळून चोळायचं, म्हणजे वासही आणि घासणंही. डाळीचं पीठ आणि हळद यालाही हेच कारण.

एक विचारायचं राहिलं: डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपतं का, पापण्यांच्या कडा लाल होतात का? रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. असं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. माझं हे तीन वर्षं चष्म्याच्या नंबरावर खपलं.

औषधाचं_दुकान, अकोला

मी फार्मासिस्ट आहे. वर सगळं नीट आलंय, मी फक्त ट्यूबबद्दल लिहितो, कारण आमच्या धंद्याची यात चूक आहे आणि मला ती सलते.

त्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड. सोबत बरेचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची चौदा मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरीही काउंटरवरून जातात. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं म्हणून चार दिवसांत चेहरा उजळतो. बंद केलं की त्या पुन्हा फुगतात आणि माणूस घाबरून परत ट्यूब उचलतो. त्वचाविकारतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय, इतके रुग्ण येतात.

ताई, ट्यूब कमी करताना मधले काही आठवडे चेहरा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. त्याचा दोष नवीन क्रीमला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला क्रम सोडू नका आणि पुन्हा कुणी "हीच न्या" म्हटलं तर चिठ्ठी मागा.

लालपरी_कंडक्टर, चंद्रपूर

माझा रंग सावळा. माझ्यावर लाली दिसतच नाही, तपकिरी झाक येते आणि गाल तापतात, बस. चार वर्षं मुरमांची औषधं घेतली. मुरमांत काळी टोकं असतात, माझ्या पुळ्यांत एकही नव्हतं, हे शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हेरलं. त्यांनी काचपट्टी गालावर दाबली, रंग फिका पडला, सोडली तर परत आला. सावळ्या बायांनो, आरशात लाल दिसत नाही म्हणून गप्प बसू नका. जळजळ सांगा.

ते पांढरं सनस्क्रीन लावून मी ड्यूटीवर गेली तर प्रवासी विचारत, पीठ लागलं काय. आता छटावालं लावते, वरून सुती दुपट्टा सैल बांधते. घट्ट बांधला की आत वाफ होते आणि अजून भडकतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पाण्याची बाटली गालाला टेकवत टेकवत फेरी काढते. बर्फ मात्र लावू नका, मला त्याने वाढलं.

चहा सोडू नका, निवू द्या. मी कपातला बशीत ओतून पिते.

पोळीभाजीवाली, डोंबिवली

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. दिवाळीच्या ऑर्डरींतून मान वर काढायला वेळ नव्हता.

दादा, तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात चेहरा असा सुजला की गल्ल्यावर मुलाला बसवलं. तुमचं वाचलं नसतं तर मी ती ट्यूब परत आणली असती, देवाशपथ. आता महिना झाला, पूर्ण बंद आहे.

बारीक_अक्षर ताई, फोटो काढून वाचायला शिकले. पहिल्या दिवशी नऊ बाटल्या परत ठेवल्या. शेवटी एक क्लेन्झर आणि एक पांढरं, बिनवासाचं क्रीम मिळालं. क्रीमने कानाखाली पाच रात्री काही केलं नाही. सनस्क्रीन अजून नाही, पहिलं जबड्याला लावून फुटपाथवर गेले तर राख फासल्यासारखं दिसलं. छटावालं मागवलंय. डोळे खुपायचे, तुम्ही विचारलंत म्हणून दाखवले. पापण्यांना रोज कोमट पट्टी आणि थेंब दिलेत. पट्टी गालावर येऊ देत नाही.

नरकचतुर्दशीला सासूबाईंनी उटण्याची वाटी घेतली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातांनाच लावलं. काही बोलल्या नाहीत. नंतर गरम पाण्याची बादली उचलून त्यांनीच गार पाणी घालून आणली.

धाकट्या ताईला तवा दिलाय, अकरा ते बारा. पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, पोळी आज जाड आहे का. आता कुणी विचारत नाही. त्या तासात मी मागच्या दाराशी बसून कणीक मळते, तिथे वारा असतो.

डाव्या गालावर अजून चारपाच पुळ्या आहेत. नाकाच्या रेघा आहेत तशाच आहेत, त्या क्रीमने जायच्या नाहीत, लेझर लागेल असं डॉक्टर म्हणाले, ते नंतर बघू. पुढच्या भेटीत अझेलेइक ॲसिड, हे रोझेशियाचंच औषध, सुरू करणार आहेत, एक दिवसाआड. सुरुवातीला चुरचुरेल म्हणालेत, म्हणून तोवर बाकी काहीही नवीन आणायचं नाही असं कालनिर्णयवर लिहून ठेवलंय. परवा पहाटे तवा चढवायच्या आधी सहज गालाला हात लावला, तर गार लागला.