मदत हवी आहे: ओपन इलेक्टिव्हमधून परराष्ट्र धोरण गायब, उद्या फॉर्म बंद

सेम३_सावनेर
बीए दुसरं वर्ष. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचंय. नोटीस बोर्डावरच्या ओईच्या (ओपन इलेक्टिव्हच्या) यादीत ‘भारताचे परराष्ट्र धोरण’ छापलंय, पण पोर्टलवर माझ्या ड्रॉपडाउनमध्ये येतच नाही. तीन ब्राउझर बदलले. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, काय घेऊ तेही सांगा. उद्या पाचला फॉर्म बंद.

खामला_चौक
मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता?

पानठेला
यूपीएससी धर. पीएसआयआर (राज्यशास्त्र नि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनलचे २५०-२५० गुणांचे दोन पेपर, दुसरा बहुतेक आंतरराष्ट्रीयच. तिथून उलटं आखत ये.

सेम३_सावनेर
यूपीएससी विचारलं नाही. मेजर राज्यशास्त्र, अर्थातच.

खामला_चौक
अर्थातच काय बापा, सगळी भानगड तिथेच आहे. ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरची घ्यावी लागते. परराष्ट्र धोरणाचा पेपर मानव्यविद्येचा, म्हणजे तो बीकॉम-बीएस्सीच्या पोरांसाठी. पोर्टल बिघडलं नाही, तुला गाळून राहिलंय. वाणिज्यच्या यादीत आंतरराष्ट्रीय व्यापार किंवा आयात-निर्यात दिसतं का पाहा. आणि ओई २ क्रेडिटची, म्हणजे जेमतेम ३० तास. परराष्ट्र धोरण मेजरच्या इलेक्टिव्हमध्ये ४ क्रेडिटचं शोध, तिथे दुप्पट वेळ मिळतो.

संत्रानगरी
मायनर अर्थशास्त्र. मायनरला शाखेचं बंधन नाही, एकाच शाखेतला दुसरा विषय चालतो.

वऱ्हाडी_ठेचा
कायले अर्थशास्त्र? इतिहास घे. १९५४ चं चीनबरोबरचं पंचशील, १९५५ ची बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद, १९७१ चा सोव्हिएत करार, हे मागचंपुढचं माहीत नसलं की धोरण म्हणजे नुसती घोषणा.

संत्रानगरी
ते सगळं मेजरमध्ये येतं. चालू खात्यातली तूट, विनिमय दर, डब्ल्यूटीओचा एमएफएन नियम (सगळ्या सदस्य देशांना सारखीच वागणूक) मात्र स्वतःच वाचून डोक्यात शिरत नाही. त्याला वर्ग लागतो.

नकाशा_कोरा
दोघंही चुकता. भूगोल. होर्मुझ नि मलाक्काच्या सामुद्रधुन्या कोऱ्या नकाशावर दाखवता येत नाहीत आणि निघाले इंडो-पॅसिफिकवर बोलायला.

वऱ्हाडी_ठेचा
नकाशा दोन रुपयाला मिळते. त्यासाठी मायनर?

खामला_चौक
भांडण बाजूला ठेवा. एमए कुठे?

सेम३_सावनेर
जेएनयू. नाहीतर बाहेर. मायनरचं एकच नाव सांगा ना.

खामला_चौक
मग एक नाव निघणार नाही. जेएनयूला सीयूईटी पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा: ७५ प्रश्न, बरोबरला ४, चुकल्यास १ वजा. तिथे मायनरवर काही अडत नाही, अंदाजपंचे खुणा करणं मात्र अंगाशी येतं. बाहेरचं गणित वेगळं. जर्मनीत बऱ्याच एमएना राज्यशास्त्राचे अमुक इतके क्रेडिट हवेत अशी अट असते. तिथे विषयाचं नाव नव्हे, घटक नि तास मोजतात. म्हणून प्रत्येक सेमचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये ठेव, तासांचं पान सुटू देऊ नको. नवा अभ्यासक्रम आला की जुना संकेतस्थळावरून उडतो, मग शिक्का मारून घ्यायला कागदच उरत नाही. जर्मनीला एपीएस प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे तुझी कागदपत्रं तपासल्याचा दाखला. अमेरिकेतली कितीतरी विद्यापीठं तीन वर्षांची पदवी धरत नाहीत, तिकडे जायचं तर चौथं वर्ष आतापासून गृहीत धर. बाहेर पक्कं असेल तर अर्थशास्त्र. ठेचाभाऊंनी रागवू नये.

पानठेला
पासपोर्ट काढला का? पोलीस पडताळणीला वेळ जातो.

स्वयंपाठी
कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा नसेल तर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर बघ. क्रम चुकवू नको: आधी कॉलेजकडून कोर्सला लेखी मान्यता, मग नोंदणी. उलट केलं तर प्रमाणपत्र हातात येतं, क्रेडिट येत नाही. नुसते असाइनमेंट भरून भागत नाही, शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एबीसीचा (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा) १२ अंकी क्रमांक जोडताना नाव आधारवर आहे तसंच टाक, वडिलांचं नाव मागेपुढे झालं तरी अडतं.

संत्रानगरी
याच सेमला फील्ड प्रोजेक्ट असेल. २ क्रेडिट, ६० तास. ‘भारत-चीन संबंध’ घेऊन इंटरनेटवरून उतरवू नको. बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क चढवत नेलं, तो विषय घे. काटोल-नरखेडचे बागायतदार, नागपूरच्या कळमना बाजारातले अडते, माल पाठवणारे, तिघांना एकच प्रश्न: शुल्क वाढल्यावर भावात कोणी किती सोसलं? प्रश्नावली दहा प्रश्नांवर नेऊ नको. हंगामात अडत्याला पहाटे लिलावाच्या वेळी गाठशील तर हाकलून देईल, दुपारी जा.

वऱ्हाडी_ठेचा
आंबिया बहाराचा, म्हणजे आधीच्या हंगामाचा, माल येते तेव्हा जा. मृगाचा माल येईतोवर सेम संपते.

नकाशा_कोरा
मृगाची गोडी जास्त पण.

सेम३_सावनेर
संत्रं नंतर. वाणिज्यच्या यादीत ‘आयात-निर्यात प्रक्रिया’ सापडलं, मायनर अर्थशास्त्र टाकलं. पण पावतीत ओईसमोर रिकामं दिसतंय, वर ‘मसुदा’ लिहिलंय.

खामला_चौक
नुसतं सेव्ह केलंस. परत उघड, शेवटच्या पानावर सबमिट दाब, मग पावती काढ. आणि ओईसमोर शाखा ‘वाणिज्य’वर आहे का ते बघून घे.