मोठ्यांची ख्रिसमस स्टॉकिंग: सहा जण, ६० पाउंड. काय भरावं, कसं भरावं?

लीड्सकर_सून

यंदाचा ख्रिसमस आमच्या घरी आहे. सासू-सासरे (दोघंही सत्तरीतले), दीर-जाऊ, नणंद आणि नवरा, एकूण सहा जण. लहान मूल एकही नाही. इतकी वर्षं सगळ्यांची स्टॉकिंग (छोट्या भेटी भरून टांगायच्या मोज्याच्या आकाराच्या पिशव्या) सासूबाई भरत होत्या. यंदा ते काम मी मागून घेतलंय आणि ते मनापासून नीट करायचंय.

सगळं मिळून ६० पाउंड. सासऱ्यांना मधुमेह, दीर दारू घेत नाहीत, नणंद विणकाम करते, जाऊबाईंना बागेचा नाद. दुकानातून आणलेली लाल स्टॉकिंग ५० सेंमी लांब आहेत. त्यात १० पाउंडांच्या वस्तू टाकून पाहिल्या तर अर्धं रिकामंच लोंबतं. आणि ती टांगायची कुठे? फायरप्लेस बंद आहे, फळीच्या खाली रेडिएटर आहे.

थेम्सकाठ

आधी स्टॉकिंग बदला. ५० सेंमीचं स्टॉकिंग भरायला दहा-बारा वस्तू लागतात. १० पाउंडांत तेवढ्या आणायच्या तर प्रत्येक वस्तू पाउंडाच्या आतली येते, म्हणजे प्लॅस्टिकची खेळणी, न लिहिणारी पेनं, वास मारणाऱ्या मेणबत्त्या. ३० ते ३५ सेंमीचं घेतलंत तर सहा वस्तूंत ते गच्च भरतं. डोंगर चढताना घालतात तसला लांब लोकरी मोजाही चालतो, आणि तो स्वतःच भेट होतो.

पैसे असे वाटा: पाच वस्तू सगळ्यांना सारख्या, सहावी ज्याची त्याची. एका स्टॉकिंगचा अंदाज:

सात्सुमा (सोलायला सोपं, बिनबियांचं छोटं संत्रं) ३० पेन्स
जाळीच्या पिशवीतली चॉकलेटची नाणी ७० पेन्स
चांगल्या चहाच्या पिशव्या, मोठा खोका फोडून आठ-आठ, १ पाउंड २०
मोज्यांचा जोड, एकत्र पॅकमधून सुटा करून, १ पाउंड ८०
हातांचं क्रीम ३० मिलीचं किंवा लिप बाम, १ पाउंड ५०
स्वतंत्र वस्तू ४ पाउंड
टिश्यू पेपर आणि सुतळी ५० पेन्स

बरोबर १० होतात. सारख्या वस्तूंचा फायदा फक्त पैशांचा नाही. सगळे एकाच वेळी उघडतात, तेव्हा कुणाला जास्त आणि कुणाला कमी अशी तुलनाच होत नाही. मोठ्या माणसांत हे कुणी बोलून दाखवत नाही, पण लागतं सगळ्यांना.

‘तीन घ्या, दोनांचे पैसे द्या’ ही सवलत घेताना जपा. तिघांतली सर्वात स्वस्त वस्तू मोफत असते. नऊ पाउंडांच्या क्रीमबरोबर दोन पाउंडांचा लिप बाम ठेवलात तर वाचतात दोनच पाउंड. एकाच किमतीच्या सहा वस्तू घ्या, चारांचे पैसे पडतात.

स्वतंत्र वस्तू निवडताना फेब्रुवारीत ती कुठे असेल ते डोळ्यांपुढे आणा. वापरून संपली असेल किंवा रोज हाताशी असेल तरच घ्या. नणंदेला विणकामात टाके मोजायच्या कड्या आणि लोकर ओवायची बोथट सुई. जाऊबाईंना स्वीट पी नावाच्या फुलांचं बी आणि बागकामाची सुतळी. सासूबाईंना टपालाची तिकिटं, सेकंड क्लासची म्हणजे स्वस्त टपालाची, चार (कार्डं पाठवणाऱ्या माणसाला यासारखं काही नाही). सासऱ्यांना शब्दकोड्यांची पुस्तिका आणि चष्म्याचा कपडा. नवऱ्याचं आणि दिरांचं तुम्हीच ठरवा, पण छोटा टॉर्च देणार असाल तर सेल आत घालून द्या.

सासऱ्यांच्या नाण्यांऐवजी सालासकट अक्रोड घाला, पाच-सहा. ‘मधुमेहींसाठी’ म्हणून मिळणारं चॉकलेट मात्र आणू नका. साखरेऐवजी त्यात जे पॉलिऑल असतात त्यांनी पोट बिघडतं आणि उष्मांकही फारसे घटत नाहीत.

आता भरणं. सात्सुमा अगदी पुढे, बोटांच्या टोकाला. त्याने टोक गोल भरतं आणि मोज्याला आकार येतो. अक्रोड, नाणी टाचेच्या खोलगट भागात. चपट्या वस्तू (बियांची पाकिटं, पुस्तिका, तिकिटं) मागच्या शिवणीला टेकवून उभ्या, म्हणजे पाय सरळ राहतो. क्रीमसारखं जे गळू शकतं ते वरच्या अर्ध्या भागात, झाकणाला चिकटपट्टी लावून, तोंड वर. मोजे गुंडाळी करून सर्वात वर, काठाबाहेर दोन बोटं दिसतील असे. भरगच्च दिसण्याचं निम्मं काम ती गुंडाळी करते.

प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा, टिश्यूत. उघडायचा वेळ वाढतो आणि जागाही भरते. चकचकीत कागद घेणार असाल तर आधी मुठीत चुरगाळून पाहा: पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा धातूचा थर आहे, रीसायकलिंगला चालत नाही.

सात्सुमा सर्वात आधी आत जातं, म्हणून स्टॉकिंग २४ तारखेच्या रात्रीच भरा. आठवडाभर आधी घातलं की दाबाने साल फुटते, बुरशी येते आणि शेजारच्या सगळ्या वस्तूंना रस लागतो.

धावदोरा

छोटं स्टॉकिंग विकत घेण्याआधी शिवायचा विचार करा. घरात जुनं सुती लुगडं किंवा साडी असेल तर गोधडीसारखं करता येतं, आणि ते दरवर्षी निघतं.

एका स्टॉकिंगला २५ बाय ४० सेंमीचे कापडाचे सहा तुकडे: तीन पुढच्या भागाला, तीन मागच्या. तिन्ही थर एकावर एक ठेवून कच्चे टाके घाला, मग १ सेंमी अंतराने धावदोरा. हे शिवून झाल्यावरच मोज्याचा आकार कापा, आधी नाही. गोधडीचे टाके कापड ओढून घेतात, आधी कापलेले दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. वरची रुंदी १६ सेंमी, लांबी ३५, शिवणीला चारी बाजूंनी १ सेंमी. सुलट बाजू आत ठेवून टीप मारा, तोंड उघडं सोडा. घोटा आणि टाचेच्या वळणावर कात्रीने टिपेच्या २ मिमी अलीकडपर्यंत बारीक काप द्या. ते काप दिले नाहीत तर उलटल्यावर घोट्याला सुरकुती पडते आणि वस्तू तिथेच अडकतात.

टांगायचा फास: १६ सेंमीची सुती पट्टी दुमडून टाचेच्या बाजूच्या शिवणीत धरायची, ४ सेंमी आत जाईल अशी, आणि त्यावर चौकोनी टीप. नुसत्या वरच्या दुमडीला टाचलेला फास अर्धा किलो वजनानेही सुटतो. फास टाचेच्याच बाजूला हवा. मधोमध लावलात तर मोजा पुढे कलतो.

विणलेलं स्टॉकिंग सुंदर दिसतं, पण वजनाने लांबत जातं. त्याला आतून न ताणणारं अस्तर लावा.

वसई_वेम्बली

आमच्याकडे वसईत किंवा गोव्यात स्टॉकिंगचा रिवाज जुना नाही. तिथे फराळाची ताटं शेजारीपाजारी जातात. पण त्या ताटातला एक पदार्थ स्टॉकिंगसाठीच केल्यासारखा आहे: कलकल. कोरडा, न चुरडणारा, डब्यात दोन-तीन आठवडे टिकणारा. करंजी मोज्यात मोडते, दोदोल (गूळ आणि नारळाच्या दुधाची मऊ मिठाई) तेल सोडतं, त्यांना हात लावू नका.

५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. नारळाचं दूध लागेल तसं, अंदाजे २०० मिली, एकदम ओतू नका. पुरीपेक्षा किंचित सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, कड नीट चिकटवायची, नाहीतर तेलात उलगडते. मंद ते मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून लाल होतात, आत कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. वरून साखरेचा पाक नको, कागदाला चिकटतो. पूर्ण गार झाल्यावर १०० ग्रॅमच्या पुड्या बांधा. कोमट असताना बांधल्या तर आत वाफ धरते. पुडीवर लिहा: गहू, नारळ. एवढ्यात सहा पुड्या आरामात होतात आणि चहाच्या पिशव्यांचा खर्च वाचतो. सासऱ्यांना मात्र अक्रोडच.

भारतातून कुणी येत असेल तर पेढे-बर्फी मागवू नका. प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. शेंगदाणा-गुळाची चिक्की मागवा, तुपाची नसलेली.

थेम्सकाठ

कलकलची सूचना फार आवडली. ते १ पाउंड २० पेन्स स्वतंत्र वस्तूकडे वळवा.

मोजमाप

मूळ यादीत एक स्टॉकिंग कमी आहे. घरात माणसं सात, टांगणार सहा. भरणारीचं स्टॉकिंग रिकामं राहणं हे इथल्या घराघरांत होतं, आणि ते सगळ्यांना सकाळी कळतं, उघडताना. सासूबाईंचंही इतकी वर्षं कोण भरत होतं, ते नवऱ्याला विचारा.

पुढच्या वर्षीसाठी दुसरी पद्धत सुचवते. सात जणांपैकी प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिचे सहा नग आणायचे, प्रत्येकी दीड पाउंडांपर्यंत. प्रत्येकाचा खर्च ९ पाउंड, प्रत्येक स्टॉकिंगमध्ये सहा वेगळ्या वस्तू, आणि कुणाचंच रिकामं नाही. कोण काय आणणार ते नोव्हेंबरात एकमेकांना सांगा, नाहीतर सहाच्या सहा वस्तू चॉकलेटच येतात.

लीड्सकर_सून

नवऱ्याला विचारलं. आईचं स्टॉकिंग आई स्वतःच भरायची, म्हणाला. हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं. यंदा तिचं नणंद भरणार आहे आणि माझं नवरा.

टांगायचं अजून ठरत नाहीये. फळीवर चिकटणारे हुक लावू का?

धावदोरा

रेडिएटरच्या वर नको. चॉकलेट वितळेल आणि सात्सुमा सुकेल. जिन्याच्या कठड्याला टांगा, दोन खांबांत एक, सुतळीने, फास आडव्या दांड्याला. चिकट हुक लावणारच असाल तर आधी एक स्टॉकिंग भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. असं भरलेलं साधारण ४०० ते ६०० ग्रॅम भरतं. पाकिटावर लिहिलेलं वजन त्याच्या दुप्पट असेल असा हुक घ्या. जागा स्पिरिटने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि निदान एक तास काही टांगू नका. खरबरीत रंगावर किंवा वॉलपेपरवर तो धरत नाही. काढताना वॉलपेपर सोलून निघतो.

लीड्सकर_सून

मग कठडाच. आठ खांब आहेत का ते मोजून येते.